पाणी लिटरमध्ये मोजता, मीठ टनात कधी मोजणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

फ्रॅकिंगच्या, म्हणजे जमिनीखालचा खडक फोडून तेल-वायू काढायच्या पद्धतीच्या, सांडपाण्याविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. अमेरिकेतल्या तेल-वायूच्या विहिरींतून निघणारं घाण पाणी आता शुद्ध करून पुन्हा वापरतात, त्यामुळं हा प्रश्न जवळपास मिटला आहे, असा लेखाचा सूर होता. मी निपाणी तालुक्यातला. आधी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आणि पुढं डिस्टिलरीच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर) केमिस्ट म्हणून माझी सगळी नोकरी गेली. काळं, खारट, वास मारणारं पाणी हेच माझं रोजचं काम होतं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

लेखात टक्केवारी भरपूर होती. इतकं टक्के पाणी पुन्हा वापरलं, इतकं टक्के ताजं पाणी वाचलं. पण त्या पाण्यातलं मीठ किती निघालं आणि ते कुठं नेऊन टाकलं, याची एक ओळ नव्हती. माझ्या मते या विषयात विचारायचा मुख्य प्रश्न तोच आहे.

बेळगाव जिल्ह्यात तेलाची एक विहीर नाही, मग इथल्या माणसानं याची काळजी कशाला करायची, असं कुणी म्हणेल. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी गॅसवाहिनी 2013 मध्ये सुरू झाली आणि ती आपल्याच जिल्ह्यातून जाते. ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीनं अमेरिकेतल्या सबीन पास बंदरातून वर्षाला 35 लाख टन द्रवरूप वायू घ्यायचा 20 वर्षांचा करार डिसेंबर 2011 मध्ये केला आणि त्या कराराचं पहिलं जहाज मार्च 2018 च्या शेवटी दाभोळच्याच धक्क्याला लागलं. अमेरिकेत निघणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त वायू शेल नावाचा चिकणमातीचा थराथरांचा खडक फोडून काढलेला असतो. म्हणजे बेळगावात ज्यांच्या स्वयंपाकघरात पाइपचा गॅस आला आहे, त्यांच्या शेगडीत तिकडच्या विहिरींचा थोडाफार वाटा असू शकतो. शेगडी आपली आणि त्यामागचं खारं पाणी मात्र दुसऱ्याच्या गावचं, असं समजून गप्प बसणं मला पटत नाही. शिवाय हा खडक आपल्या देशातही आहे, त्याविषयी पुढं लिहितो.

फ्रॅकिंगमध्ये विहीर दोन-अडीच किलोमीटर खाली नेतात, तिथून आडवी वळवतात आणि पाणी, वाळू व रसायनं प्रचंड दाबानं आत सोडून खडकाला बारीक भेगा पाडतात. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या मार्सेलस या शेलच्या थरात एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर, कधी त्याहूनही जास्त पाणी लागतं. त्यातलं काही पाणी पहिल्या काही आठवड्यांत परत वर येतं. त्यानंतर विहीर चालू आहे तोवर वायूबरोबर येत राहतं ते खडकात कोट्यवधी वर्षं मुरलेलं पाणी. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. मार्सेलसच्या पाण्यात ते शंभर ग्रॅमच्या वर सर्रास असतात आणि कधी दोनशेच्याही पुढं जातात. सोबत बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड आणि खडकातलं किरणोत्सारी रेडियम. लिटरला शंभर ग्रॅम धरलं तरी दहा हजार लिटरच्या एका टँकरमध्ये पाण्याबरोबर एक टन मीठ चाललेलं असतं. आपल्याकडच्या रस्त्यावरून मळीचे टँकर जाताना सगळ्यांनी पाहिलेत, त्यावरून अंदाज करावा.

माझा भाचा टेक्सासात मिडलंडला याच कामात आहे. तिकडच्या पर्मियन खोऱ्यात तर तेलापेक्षा पाण्याचीच व्यवस्था मोठी. फोनवर तो म्हणाला, “मामा, एक पिंप तेल निघतंय तर त्याच्यासंगं तीन-चार पिंपं खारं पाणी निघतंय. तेलाला गिऱ्हाईक आहे, पाण्याला कोण घेणार?” पिंप म्हणजे 159 लिटर.

आधी त्यांनीही सोपा मार्ग धरला होता. पेनसिल्व्हेनियात हे पाणी टँकरनं गावोगावच्या नगरपालिकांच्या सांडपाणी केंद्रात नेऊन ओतत. ईटीपीवर काम केलेला कुणीही सांगेल की तिथले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, मीठ खात नाहीत. मीठ जसंच्या तसं पलीकडं नदीत जातं, आणि जास्त झालं तर जिवाणूच मरतात. 2008 च्या शरदात मोनोंगाहेला नदीतले क्षार इतके वाढले की त्या नदीवर पिण्याच्या पाण्यासाठी अवलंबून असलेल्या गावांत तक्रारी सुरू झाल्या. खाणींचं पाणीही त्याला कारण होतं, पण या टँकरांचा वाटा होताच. ब्रोमाइडची गोष्ट आणखी वाईट. नदीत असताना ते फारसं काही करत नाही. पण पुढच्या शहरात पाणी निर्जंतुक करायला क्लोरिन घातलं की त्यातून ब्रोमिनयुक्त ट्रायहॅलोमिथेन तयार होतात, आणि ती शरीराला घातक. म्हणजे नदीत सोडणारा एका गावचा, आणि विष तयार होतं ते खालच्या गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात. पंचगंगा आणि दूधगंगेच्या काठावर राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारनं कंपन्यांना 19 मे 2011 पासून हे पाणी अशा केंद्रांत नेणं थांबवायला सांगितलं, आणि देशभरासाठी तसा नियम 2016 मध्ये आला. खास खाऱ्या पाण्यासाठी उभारलेल्या केंद्रांनीही सगळं धड केलं असं नाही. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये अशाच एका केंद्राखालच्या ओढ्यातला गाळ तपासला, तर त्यात रेडियम वरच्या बाजूच्या गाळापेक्षा सुमारे दोनशे पट सापडलं. पाणी वाहून गेलं होतं, रेडियम गाळात बसून राहिलं होतं. त्याची निम्मी ताकद कमी व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात.

मग उरलं जमिनीत खोल सोडणं. ओक्लाहोमात हेच सर्वांत जास्त झालं. तिथं 2009 च्या आधी तीन रिश्टरच्या वरचा भूकंप वर्षात एखाद-दुसरा व्हायचा. 2015 साली असे सुमारे नऊशे झाले. 3 सप्टेंबर 2016 रोजी पॉनी गावाजवळ 5.8 चा झाला. खडक फोडण्यानं नव्हे, तर वर आलेलं खारं पाणी पुन्हा खोल जमिनीत कोंबल्यानं हे झालं, यावर शास्त्रज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे. पाण्याचा दाब जुन्या भेगांपर्यंत पोचला आणि त्या सरकल्या. पाणी सोडणं कमी करायला लावल्यावर धक्केही कमी झाले. आपल्याकडं हे पटायला अवघड जाऊ नये. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आमच्याकडंही फडताळातली भांडी वाजली होती, आणि धरणातल्या पाण्याशी त्या भूकंपाचा संबंध आहे हे जगभरच्या पुस्तकांत आहे. टेक्सासातही 2021 पासून मिडलंडच्या आसपास खोल विहिरींत पाणी सोडण्यावर बंधनं घालावी लागली.

आता पुनर्वापराकडं येतो. लेखात ज्याला शुद्धीकरण म्हटलंय ते बहुतेक ठिकाणी असं असतं: पाणी टाकीत निवळू द्यायचं, तुरटीसारखं रसायन घालून गाळ बसवायचा, लोह काढायचं, तेलाचा तवंग काढायचा, क्लोरिन डायऑक्साइड किंवा तसलंच काही घालून जिवाणू मारायचे, आणि तेच पाणी पुढच्या विहिरीत खडक फोडायला वापरायचं. मीठ त्यात तसंच राहतं. पूर्वी खाऱ्या पाण्यात फ्रॅकिंगची रसायनं काम करत नसत, आता करतात, म्हणून मीठ काढायची गरज राहिली नाही. हे काम चांगलं आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. नदीचं तेवढं गोडं पाणी वाचतं, टँकरच्या तेवढ्या खेपा वाचतात, जमिनीत तेवढं कमी कोंबावं लागतं. पेनसिल्व्हेनियात आज यातलं बहुतांश पाणी असंच फिरवतात.

पण हे चक्र पुढची विहीर खोदली जाते तोवरच चालतं. नव्या विहिरी कमी झाल्या की पाणी घेणारा कुणी राहत नाही, आणि जुन्या विहिरी मात्र पाणी द्यायचं थांबत नाहीत. त्या दिवशी साठलेल्या पाण्याचं काय करायचं, हे आज ठरलेलं हवं. त्याशिवाय गाळाचं काय, हाही प्रश्न आहेच. बेरियम काढायला सल्फेट घालतात, तेव्हा बेरियमबरोबर रेडियमही खाली बसतं. वरचं पाणी स्वच्छ होतं तितका खालचा गाळ जास्त जहाल होतो.

खरं शुद्धीकरण करायचं तर पाणी आणि मीठ वेगळं करावं लागतं. समुद्राच्या पाण्याला आरओ चालतं. खारटपणा त्याच्या दुप्पट झाला की पडद्यावर द्यावा लागणारा दाब एवढा वाढतो की नेहमीचं आरओ तिथं थांबतं. मग राहतं ते उकळून आटवणं, आणि आटवणं हा तर आपल्या भागाचा धंदाच आहे. पहिल्या बॉडीच्या (बॉडी म्हणजे आत नळ्या असलेलं आटवायचं मोठं भांडं) वाफेवर दुसरी, दुसरीच्या वाफेवर तिसरी तापवत उसाचा रस आटवायची पद्धत लुइझियानातल्या नॉर्बर्ट रिलिया या इंजिनिअरनं 1840 च्या दशकात बसवली. आपल्या प्रत्येक साखर कारखान्यात आजही तीच चालते. फ्रॅकिंगचं पाणी आटवतात तेही याच तत्त्वावर, फक्त तिथं निघालेली वाफ कॉम्प्रेसरनं दाबून तिच्याच उष्णतेवर पुढचं पाणी तापवतात.

या कामात खरी परीक्षा नळ्यांची असते. गाळप हंगामात क्लिनिंगसाठी कारखाना थांबला की शेवटच्या बॉडीत कॉस्टिक सोडा घालून उकळायचं, पाणी सोडून द्यायचं, बॉडी निवली की माणूस आत उतरवायचा आणि कटर लावून एकेक नळी घासायची. नळ्या हजारोंनी असतात. त्यातून निघणारी खपली राखाडी, कौलाच्या तुकड्यासारखी टणक, सिलिका आणि चुन्याची. बोटानं मोडत नाही. बाहेर येणाऱ्या कामगाराचे डोळे लाल झालेले असायचे. उसाच्या रसात क्षार किती? साखरेच्या मानानं अगदी थोडे. तेवढ्यावर नळ्या बुजून स्टीम जास्त लागते आणि गाळप मंदावतं. मग लिटरला शंभर-दोनशे ग्रॅम मीठ असलेल्या पाण्याच्या यंत्राची काय गत होत असेल, किती महागडा धातू लागत असेल, याचा हिशेब मी सहज करू शकतो.

आटवून निघालेलं पाणीही दिसतं तितकं निर्मळ नसतं. स्पेंटवॉश म्हणजे डिस्टिलरीचं काळं सांडपाणी. ते आटवताना वाफ थंड होऊन जे पाणी मिळतं, ते कंडेन्सेट ग्लासात धरलं तर काचेसारखं. नाकाशी नेलं की कळतं. वाफेबरोबर अमोनिया आणि हलकी आम्लं वर येतात आणि थंड होऊन पुन्हा पाण्यात बसतात. म्हणून त्याला शेवटच्या सफाईचं वेगळं पॉलिशिंग युनिट लागतं, आणि खर्च वाचवायचा झाला की पहिली काटछाट तिथंच होते. फ्रॅकिंगच्या पाण्यात अमोनियाबरोबर बेंझिनसारखी द्रव्यंही वाफेत येतात. पाहुण्यांसमोर कंडेन्सेटचा ग्लास धरून फोटो काढतात, तेव्हा त्याचा लॅब रिपोर्टही मागावा.

हे सगळं नीट करायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. वेस्ट व्हर्जिनियात अँटेरो या वायू कंपनीनं व्हेओलिया या पाणी शुद्धीकरणातल्या कंपनीकडून क्लिअरवॉटर नावाचा प्रकल्प बांधून घेतला. 25 कोटी डॉलरहून जास्त खर्च आला. क्षमता दिवसाला 60,000 पिंपं, म्हणजे सुमारे 95 लाख लिटर. शंभर ग्रॅमचाच हिशेब धरला तर पूर्ण क्षमतेला रोज साडेनऊशे टन मीठ. ते टाकायला शेजारीच जागा तयार करावी लागली. 2019 मध्येच कंपनीनं प्रकल्प बंद ठेवला. पैसा होता, तंत्र होतं, तरी परवडलं नाही.

आपल्या डिस्टिलऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट बरी आहे. स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळला की राखेत पोटॅश उरतं आणि ते पिकाला चालतं. मळीपासूनच्या या पोटॅशला केंद्र सरकारनं 2021 मध्ये खत अनुदानातही घेतलं. म्हणजे आपल्या क्षाराला शेतात जागा आहे. फ्रॅकिंगचं मीठ मुख्यतः सोडियम क्लोराइड, त्यात बेरियम आणि रेडियम. ते शेताला घालता येत नाही, जनावराला चाटायला ठेवता येत नाही. तिकडं काही राज्यांत असलं खारं पाणी धूळ दाबायला कच्च्या रस्त्यांवर शिंपडत होते, त्यालाही लोकांनी विरोध केला. अलीकडं त्यातून लिथियम काढायच्या गोष्टी चालल्या आहेत. निघालं तर चांगलंच. पण लिथियम काढून घेतल्यावरही बाकीचं सगळं मीठ उरतंच.

मीठ जमिनीत राहिलं की काय होतं, हे बघायला चिकोडी, रायबाग, अथणी किंवा पलीकडं शिरोळला जावं. तिथं क्षारपड झालं ते फ्रॅकिंगनं नव्हे. काळी जमीन, पाटाचं पाणी बेसुमार आणि निचऱ्याची सोय नाही, यानं झालं. पण मीठ ते मीठच. थंडीच्या शेवटी सकाळी अशा रानात गेलं की पायाखाली पांढरी पापडी मोडते. खाली बोट घातलं तर माती चिखलासारखी ओली, आणि त्याच ओलीत उभा ऊस पानाच्या टोकापासून करपत आलेला. पाणी आहे, पण मुळाला ते ओढता येत नाही. ज्या रानात एकरी साठ-सत्तर टन ऊस निघायचा तिथं आज बाभळी आणि लव्हाळा आहे. सच्छिद्र पाइप पुरून निचरा करणाऱ्यांची रानं सुधारली, पण त्याचा खर्च एकट्या-दुकट्या शेतकऱ्याला पेलत नाही, आणि निचऱ्याचं खारं पाणी पुन्हा ओढ्यात जातंच. एकदा पसरलेलं मीठ गोळा करणं किती अवघड असतं, हे आमच्याकडच्या पोरालाही ठाऊक आहे.

आपल्या देशात दुर्गापूरजवळ इच्छापूरला ओएनजीसीच्या विहिरीत जानेवारी 2011 मध्ये शेल वायू मिळाला. 2013 मध्ये सरकारी कंपन्यांसाठी शेल वायूचं धोरण आलं, 2018 मध्ये खासगी कंपन्यांनाही त्यांच्या ताब्यातल्या क्षेत्रात तो शोधायची मुभा मिळाली. खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी, दामोदर ही खोरी त्यात आहेत. तामिळनाडूनं 2020 मध्ये कायदा करून कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित शेती क्षेत्र ठरवला आणि तिथं तेल-वायूचे नवे प्रकल्प बंद केले. बाकी ठिकाणी काम मोठं होण्याआधीच नियम व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक विहिरीनं पाणी किती वापरलं एवढंच न लिहिता क्षार किती वर आले, गाळात किती गेले, जमिनीत किती सोडले आणि शेवटी कुठं ठेवले, हे टनात लिहून दर महिन्याला लोकांसमोर ठेवावं. केमिस्टला यात अवघड काही नाही. टीडीएस (लिटरमागं विरघळलेले एकूण क्षार) आणि फ्लोमीटरचं (किती पाणी गेलं याचं) रीडिंग यांचा गुणाकार करायचा असतो. आत आलेलं आणि बाहेर गेलेलं मीठ जुळलं नाही तर कुठंतरी ओढ्यात पाइप आहे, एवढं त्यावरून समजतं. हाच हिशेब आपल्या जिल्ह्यात वाढत चाललेल्या इथेनॉल प्रकल्पांनाही लावावा. ‘शून्य विसर्ग’ (सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडत नाही) अशी पाटी गेटवर लावलेल्या ठिकाणी तर आधी लावावा.

शेतकऱ्यांना एक विनंती आहे. पेनसिल्व्हेनियात अनेकांच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बिघडल्या, तेव्हा कंपन्या म्हणाल्या की पाणी आधीपासूनच असं होतं, आणि आधीचा रिपोर्ट फार थोड्यांकडं होता. तुमच्या शिवाराजवळ डिस्टिलरी, कारखाना किंवा कसलाही प्रकल्प येणार असं कानावर आलं, तर काम सुरू होण्याआधी विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याचा नमुना माती-पाणी परीक्षण केंद्रात देऊन या. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा, तारीख आणि गट नंबर लिहा. रिपोर्टवर ईसी (पाण्याचा खारटपणा दाखवणारा आकडा) आणि एसएआर (इतर क्षारांच्या मानानं सोडियम किती ते) हे दोन्ही रकाने भरून मागा. ईसी 0.75 डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर पाणी पिकाला चांगलं, 2.25 च्या वर गेलं तर जमिनीला धोका. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, दरवर्षी तपासणी करून पावतीसकट रिपोर्ट सातबाराबरोबर, आपल्याकडं आरटीसीबरोबर, जपून ठेवा. लॅबचा शिक्का असलेला तो कागद वेळ आली तर पुढं ठेवता येतो.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट आणि नियमित वाचक,
ता. निपाणी, जि. बेळगाव